वाराची भाकरी

दिवाळीचा पाडवा झाला की वाडीवरची मेंढरं हलतात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड चढतं, टोपलीत कोंबड्या, झोळीत कोकरं, आणि शालूच्या बापाचा, सांडूचा वाडा देऊळगावराजाच्या वाटेला लागतो. मेंढरं, माणसं, कुत्री, घोडं असा सगळा फिरता संसार, त्यालाच हे लोक वाडा म्हणतात. तो दिवाळीत जातो आणि मृगाच्या तोंडावर परततो. दरवर्षी शालू वेशीपर्यंत पोचवायला जायची आणि आजीचा हात धरून मागं फिरायची, कारण सुट्टी संपली की बदनापूरला शाळा असायची. यंदा मागं फिरायला आजीच उरली नव्हती. आषाढात ती गेली आणि शालूची आठवी तिच्यासोबतच जाते की काय, असं झालं.

ही आठवी शालूच्या लेखी साधी गोष्ट नव्हती. सिस्टर लोकांची संत मोनिका शाळा आठवीपर्यंतच. तिथून पास होऊन बाहेर पडलेल्या मुलीला जालन्याला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळायची, मग राहणं, जेवणं, पुस्तकं कशाचीच ददात नाही. पण आठवी आता पूर्वीसारखी ढकलून पुढं जात नाही, परीक्षेला बसावंच लागतं. वाडीवरची एकही पोरगी अजून त्या परीक्षेला बसलेली नव्हती. शालूला बसायचं होतं. मेंढरामागं जायला तिची ना नव्हती, मेंढरं तिला आवडत होती. पण आधी परीक्षा, मग काय ते, हे तिनं मनात पक्कं धरलं होतं.

सांडू शाळेत आला तो दाखला मागायला. ऑफिसात खुर्ची असूनही तो बसला नाही. काठी दाराशी, चपला बाहेर, आणि बोडकं डोकं. मुख्याध्यापिका सिस्टर मार्सेलिना वसईकडच्या. आवाज इतका हळू की ऐकणाऱ्यानं पुढं वाकावं, पण धरलेली गोष्ट सोडायची नाही असा खाक्या.

“सिस्टर, शाळा चांगली, पोरगी हुशार, समदं बराबर हाय,” सांडू म्हणाला. “पर पोरीला ठिवू कुठं? फळ्याच्या मागं?”

“शालूच्या आत्या आहेत ना इथं, कडूबाई?”

“हाय की. टेसनाजवळ खोली हाय. पर ती बियाण्याच्या कंपनीत दुपारपाळीला जाती, रातच्याला येती. जेवण बी तिकडंच. घरात चूल पेटत न्हाई. पोरगी खाईल काय, कुलूप?”

आठवीच्या वर्गशिक्षिका ताराबाई तिथंच उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“आमचे सासरे वार लावून शिकले,” त्या म्हणाल्या. “सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या. सात वार, सात घरं. कुणी उपाशी ठेवलं नाही त्यांना. आपल्या शाळेला सात घरं जड आहेत का?”

सांडू हसला. “बाई, धनगराच्या पोरीला वार? त्ये बामणाच्या पोरांचं असतंय.”

“भूक काय जात विचारून लागते का हो?”

सांडू दाराशी गेला. त्यानं काठी उचलली, पुन्हा ठेवली. मग म्हणाला, “ठीक हाय. पर माझं बी ऐका. नाताळाच्या सुट्टीला मी येतो. पोरगी बराबर दिसली तर ऱ्हाऊ द्या. न्हाई दिसली तर मंग मी नेतो. तवा कुणी आडवं यायचं न्हाई.”

“शब्द दिला,” सिस्टर म्हणाल्या.

त्याच शनिवारच्या पालक सभेत ताराबाईंनी गोष्ट मांडली. रोज एका घरानं शालूसाठी डबा पाठवायचा, एवढंच. शब्द तोंडातून पडायचा अवकाश, बायकांनी वार उचलायला सुरुवात केली. सोमवार माझा, गुरुवार मलाच हवा, शनिवार कुणाला देणार नाही. दोघीतिघींची तर मंगळवारावरून जुंपली. रविवार सिस्टरांनी मठाकडं ठेवला. बघता बघता आठवडा वाटून झाला, आणि मागच्या बाकावर बसलेल्या शालूला वाटलं की आपल्याएवढी नशीबवान पोरगी अख्ख्या तालुक्यात नसेल.

निघताना सांडूनं तिला वेशीवर उभं केलं. मायनं तिच्या मनगटात चांदीचं कडं घातलं, आजीचं होतं ते. सांडू म्हणाला, “तीन गोष्टी ध्यानात ठिव. लोकाच्या अन्नाला नाव ठिवायचं न्हाई. मागून खायचं न्हाई. आन् कुणी मायेनं दिल्यालं दुसऱ्याच्या ताटात ढकलायचं न्हाई. येवढं पाळशील तर कुठंबी राहशील.”

“पाळीन, आबा,” शालू म्हणाली.

सोमवारी ताराबाईंनी डबा स्वतःच आणला. झाकण उघडताच तुपाचा वास वर्गभर गेला. साबुदाण्याची खिचडी, वर ओलं खोबरं, बाजूला लिंबाची फोड.

“तुला काय, रोज भाकरीच असते,” ताराबाई कौतुकानं म्हणाल्या. “म्हटलं, हिला जरा वेगळं द्यावं. आज माझा सोमवार. घरच्यांना पोळी-भाजी, पण तुला माझ्यातलं.”

शेजारी बसलेली अंतरा ही बाईंचीच मुलगी. तिनं स्वतःचा डबा उघडला आणि तोंड वाकडं केलं. “बघ! मला भोपळा आणि हिला खिचडी. शालू, अर्धी दे ना, माझी पोळी घे.”

शालूचा हात पुढं गेला आणि थांबला. तिसरी गोष्ट आठवली. “न्हाई गं. बाईंनी मायेनं दिलंय.”

तिनं सगळी खिचडी खाल्ली. मऊ, गोडसर, छानच होती.

मंगळवारच्या घरी राजूरच्या गणपतीचा उपास होता. डब्यात रताळ्याचा कीस आणि शेंगदाण्याचा लाडू आला. बुधवार पीटीच्या देवानंद सरांच्या आईचा. त्या बुधवारी मारियामातेची प्रार्थना धरून नुसत्या पावावर राहायच्या. त्यांच्याकडून दोन पाव आले आणि एक केळं. “आईनं सांगितलंय, पवित्र दिवसाचं आहे,” सर म्हणाले. गुरुवार वर्षाराणीकाकूंचा. त्या कृषी संशोधन केंद्रात नोकरीला होत्या आणि त्यांच्या घरी गुरुवार फार कडक. साबुदाण्याचे वडे आणि गोड दही. शुक्रवारच्या घरी संतोषीमातेचं व्रत, तिथून चणे-गूळ. शनिवारी वर्गातल्या ऋषीच्या आजी, चांगुणाबाई, नातवाच्या हाती भगर आणि दाण्याची आमटी धाडायच्या. रविवारी मठात मात्र भात, वरण, कोंबडीचा रस्सा. सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, “किती आवडीनं जेवते गं!”

पहिल्या आठवड्यात शालूला मजा वाटली. दुसऱ्या आठवड्यात तिला वाटलं, शहरातली माणसं भाकरी खातच नसावीत. तिसऱ्या आठवड्यात तिच्या ध्यानात आलं की खातात, पण ज्या दिवशी तिचा वार असतो त्या दिवशी त्या घरच्या बाईचा उपास असतो. प्रत्येकीनं आपल्या व्रताचाच वार मागून घेतला होता. उपासाच्या दिवशी शिकणाऱ्या पोरीला आपल्या फराळातलं द्यावं, याहून पुण्याचं काय? आणि प्रत्येकीला वाटत होतं, आठवड्यातून एकदाच तर आहे, बाकीचे दिवस पोरगी पोळी-भाजी खातच असेल. एकीचं दुसरीला ठाऊक नव्हतं. सातांचं मिळून फक्त शालूच्या पोटाला ठाऊक होतं.

वर रात्रीचा घोळ निराळाच. कडूबाई उशिरा यायची, थकलेली, अंगाला बियाण्याच्या औषधाचा वास.

“जेवली का गं?”

“व्हय.”

“वाराचं जेवण दोन्ही वक्ताचं असतंय. आमच्या लहानपणी बघितलंय ना. लई चांगली माणसं, बघ.” असं म्हणत ती आडवी व्हायची आणि लगेच घोरायची. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. घरात पिठाचा डबा होता, पण शालूनं एकदा आशेनं उघडला तर आत खिळे, हातोडी आणि जुनी बॅटरी. इकडं ताराबाईंची समजूत, रात्री आत्या ताजं करून घालत असतील. दुपारच्या खिचडीतली थोडी शालू रात्रीसाठी राखायची, पण गार साबुदाणा म्हणजे नदीतले खडे.

कडूबाईला सांगणं सोपं होतं. पण कडूबाईला सांगितलं की फोन सरळ आबाला, आणि तिला न्यायला आबाला एवढंच निमित्त हवं होतं. रविवारी फोन यायचा. मागं मेंढरांची बें बें, कुत्र्याचं भुंकणं.

“काय खाऊन राह्यली गं?”

“समदं खाऊन राह्यले, आबा. रोज येगळं.”

हे खोटं नव्हतं, म्हणून तिला बोलता यायचं. फोन ठेवला की मात्र डोळ्यांपुढं मायच्या हातची भाकरी यायची, तीन दगडांवर फुगणारी, पापुद्र्यातून वाफ सोडणारी.

मार्गशीर्ष लागला तेव्हा सकाळच्या प्रार्थनेला उभं राहणं अवघड जाऊ लागलं. प्रार्थना संपेपर्यंत शालू पुढच्या पोरीच्या खांद्याचा आधार घ्यायची. गणिताच्या तासाला अक्षरं हलायची. चाचणीत गुण उतरले तेव्हा ताराबाई म्हणाल्या, “शालू, तुझं लक्ष कुठं असतं गं? शाळेनं एवढं केलं तुझ्यासाठी.” रागानं नाही, काळजीनंच म्हणाल्या, तरी शालूला ते पोटात लागलं. विज्ञानात त्याच आठवड्यात ‘संतुलित आहार’ चालू होता. बाईंनी विचारलं, “तुझ्या आहारात काय काय असतं?” शालू उभी राहिली आणि म्हणाली, “समदं पवित्र असतं, बाई.” वर्ग हसला. बाईही हसल्या आणि पुढच्या मुलाकडं वळल्या.

सांगावं तर कसं सांगावं? काकू, तुमच्या व्रतानं माझी उपासमार होऊन राह्यली? आबाची पहिली गोष्ट तिथंच मोडत होती. मला भाकरी द्या? मग दुसरी मोडत होती. आणि गप्प राहावं तर नाताळ जवळ येत होता. कडं आता मनगटावर थांबत नव्हतं. हात वर केला की कोपरापर्यंत घरंगळायचं. शालूनं त्याला खालून चिंधी गुंडाळली आणि अभ्यासाला बसली. रडून भागणार नव्हतं. दिवस काढायचे होते, आणि ती काढत होती.

एक गोष्ट मात्र ती बारकाईनं बघत होती. या माणसांमध्ये ‘नेम’ हा शब्द आला की वाद संपायचा. शनिवारी डबा परत द्यायला ती ऋषीच्या घरी गेली, तेव्हा ऋषीचे बाबा आपल्या आईला सांगत होते की डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलाय. चांगुणाबाई वात वळता वळता म्हणाल्या, “नेम आहे.” एवढंच. ऋषीचे बाबा गुपचूप बाहेर गेले. शाळेतही तेच. बाराची घंटा झाली की सिस्टर मार्सेलिना जिथं असतील तिथं उभ्या राहून प्रार्थना म्हणायच्या. एकदा मोठे साहेब तपासणीला आले होते, त्यांचं वाक्य अर्धं राहिलं. साहेबही गप उभे राहिले. आणि आबा? आबा बिरोबाला नवस बोलला होता की कळपातला आजार हटेस्तोवर डोक्यावर टोपी घालणार नाही. आजार हटला, पण देवाला जाऊन यायचं राहिलं होतं, म्हणून तो अजून बोडकाच फिरत होता. मामांनी नवी टोपी आणली तरी नाही.

नाताळच्या सुट्टीआधीचा शनिवार उजाडला. शाळेच्या पटांगणात मारियामातेच्या दगडी गुहेपुढं बाळ येशूचा गोठा उभा राहत होता. पालकांना मदतीला बोलावलं होतं. कुणी चांदण्या कापत होतं, कुणी गेरू लावत होतं. देवानंद सर शिडीवर. वाराच्या घरांतल्या बहुतेक बायका आलेल्या, आणि त्यांच्यात कसल्या कसल्या गप्पा.

सांडू फाटकातून आला तो डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन, खांद्यावर घोंगडी. मागं कडूबाई, आज तिची सुट्टी.

“गोठा करून राह्यले म्हणल्यावर कडबा लागंल म्हणून आणला,” तो म्हणाला. “कागदाच्या गवतावर देवाचं पोर निजवता का?”

सगळे हसले. सिस्टरांनी दोन्ही हातांनी पेंढी घेतली. शालू धावत आली आणि सांडूचं हसू थांबलं.

मेंढराच्या अंगात काय आहे हे बघायला मेंढक्या लोकर बघत नाही, पाठीवरून हात फिरवतो. सांडूनं तसाच लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. मग मनगट धरलं, चिंधी सोडली. कडं सर्रकन कोपरापाशी गेलं.

“काय खाती ही?” त्यानं विचारलं.

“अहो, काय म्हणजे?” ताराबाई पुढं आल्या. “तिला कशाची कमी नाही. माझ्याकडचा सोमवार, साबुदाण्याची खिचडी, तूप घालून.”

“माझ्याकडून गरमागरम वडे,” वर्षाराणीकाकू म्हणाल्या. “साबुदाण्याचे. पोरांना आवडतात.”

“आमची भगर,” चांगुणाबाई म्हणाल्या.

“आईचा पाव,” शिडीवरून देवानंद सर म्हणाले, पण त्यांचा आवाज शेवटी शेवटी खाली आला.

“चणे-गूळ...”

“रताळ्याचा...”

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. सिस्टर मार्सेलिना मनातल्या मनात आठवडा मोजत होत्या, ओठ हलत होते. रविवारपाशी आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “देवा रे. आणि मी म्हणत होते, किती आवडीनं जेवते.”

“पण रात्री?” ताराबाई घाईनं कडूबाईकडं वळल्या. “रात्री तर तुम्ही करून घालता ना?”

“मी?” कडूबाई डोळे मोठे करून म्हणाली. “मला वाटलं वार दोन्ही वक्ताचा असतोय! माझ्या पिठाच्या डब्यात खिळे हायेत, बाई.”

ताराबाई शालूसमोर खाली बसल्या. “अगं, बोलायचं नाही का एका शब्दानं?”

“आबानं सांगितल्तं,” शालू म्हणाली. “अन्नाला नाव ठिवायचं न्हाई.”

हे ऐकून सांडूचा चेहरा उतरला. रागावण्यासारखं त्याच्या हाती काही उरलं नाही. पण ठरवलेलं त्याच्या मनातून हललं नव्हतं. “सिस्टर,” तो म्हणाला, “कुणाची चूक न्हाई. तुम्ही समद्यांनी चांगलंच केलं. पर पोरगी वाळली. तुम्ही शब्द दिल्ता. नेतो मी.”

“आम्ही वार बदलतो,” वर्षाराणीकाकू म्हणाल्या. “मी बुधवार घेते, ताराबाई गुरुवार...”

“मला शनिवार सोडता येणार नाही,” चांगुणाबाई म्हणाल्या. “पोरीला शनिवारी अन्न देईन म्हणून मारुतीपुढं बोलले आहे.”

“मीही सोमवारचा संकल्प केलाय,” ताराबाई पुटपुटल्या.

“आणि आईचा बुधवार...” शिडीवरून आवाज.

“बघा,” सांडू म्हणाला. “तुमचे नेम तुम्हाला सुटत न्हाईत. सुटू बी नयेत. पर त्यात माझी पोरगी का?” त्यानं शालूचा हात धरला. “चल, दप्तर घे. दुपारची यस्टी हाय.”

सिस्टर आडव्या आल्या नाहीत. शब्द दिलेला होता. त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरले.

शालू मात्र जागची हलली नाही. सांडूनं ओढलं तरी नाही. तिनं गुहेचा दगड धरला. तिनं समोरच्या निळ्या पदराच्या मारियामातेकडं पाहिलं, डोळे मिटून बिरोबाचं नाव घेतलं आणि डोळे उघडले.

“आबा, मला येता यायचं न्हाई. मी नेम घेतलाय.”

“कसला नेम?”

“परीक्षा हुईस्तोवर ह्या सात घरची भाकरी खायची. रोजच्या रोज, ज्या घरचा वार त्या घरची. येक दिस बी चुकवायचा न्हाई.”

देवानंद सर शिडीवरून खाली उतरले.

“कवा घेतला?” सांडूनं विचारलं.

“आत्ता.”

“आत्ता म्हंजी? माझ्या देखत?”

“व्हय. आता घेतला, पर घेतलाय खरा.”

सिस्टर मार्सेलिना जवळ आल्या आणि त्यांनी शालूचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “बाळा, घाईनं बोलू नकोस. नेम म्हणजे अडचणीतून निघायची पळवाट नव्हे. बोललं की पाळावं लागतं, मन असो नसो. मी तरुणपणी एकदाच बोलले, अजून रोज सकाळी उठून पाळते आहे. पाळशील?”

“पाळीन, सिस्टर. भाकरी कशीबी असो. ताप आला तरी. नाताळात बी, संक्रांतीला बी.”

तिच्या आवाजात असं काही होतं की सिस्टरांनी पुढं विचारलं नाही. पण चांगुणाबाई व्रतवैकल्यांत मुरलेल्या. त्यांनी काठी टेकली.

“पोरी, नुसतं धरून नेम होत नसतो. त्यासाठी काहीतरी सोडावं लागतं. तू काय सोडलंस?”

शालूनं मान खाली घातली. खूप वेळ ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग हळूच म्हणाली, “साबुदाणा.”

आधी अंतरा हसत सुटली. मग कडूबाई, मग वर्षाराणीकाकू पदर तोंडाला लावून. ताराबाई हसत होत्या आणि रडतही होत्या. चांगुणाबाईंचे खांदे हलू लागले. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, “अगदी बरोबर सोडलंस.”

“पण चांगुणाबाई,” वर्षाराणीकाकूंना आठवलं, “शनिवारी दिवा लागेपर्यंत तुमच्याकडं तवा चढत नाही ना?”

हसू थांबलं. चांगुणाबाईंच्या सासूपासूनचा नेम होता तो, गावाला ठाऊक. म्हातारी विचारात पडली. इकडं तिचा नेम, तिकडं पोरीचा, आणि दोन्ही मोडायचे नाहीत.

“शुक्रवारी रात्री करून ठेवीन,” त्या शेवटी म्हणाल्या. “शिळी चालेल का गं?”

“शिळी?” शालूचे डोळे चमकले. “शिळी तर ताकात लई ग्वाड लागती, आजी.”

“मग उपास माझा मी करीन, भाकरी तुझी तू खा,” चांगुणाबाई म्हणाल्या. “आणि बाकीच्यांनीही ऐका. आपला फराळ आपल्या पोटात. तिच्या डब्यात भाकरी. एका वेळेची नाही, रात्रीचीही.”

“रातची मी करते,” कडूबाई म्हणाली. “पाळीला जायच्या आधी टाकून जाते. खिळे आजच काढते डब्यातले.”

“मग त्या डब्यात पहिलं पीठ शाळेचं,” सिस्टर म्हणाल्या.

आता सगळे सांडूकडं बघत होते. तो बोडक्या डोक्यावरून हात फिरवत उभा होता. लेक त्याच्याच नेमाच्या वाटेनं गेली होती आणि तीच वाट तिनं त्याच्यापुढं आडवी घातली होती.

“लई हुशार झाली तू,” तो म्हणाला.

“म्हणूनच शिकवा म्हणते,” ताराबाई म्हणाल्या.

सांडूनं कमरेची थैली सोडली. आत भंडारा होता. चिमूटभर हळद त्यानं लेकीच्या कपाळाला लावली, उरलेली गुहेच्या पायरीवर वाहिली. सिस्टर हात जोडून उभ्या राहिल्या.

“नेमाला आडवं जाणारा मी कोण?” तो म्हणाला. “पर शालू, ध्यानात ठिव. मी पुन्हा येणार. पाठीवरनं हात फिरवून बघणार. नेम मोडला दिसला तर त्याच यस्टीनं नेणार.”

“या की,” चांगुणाबाई म्हणाल्या. “आमच्याकडंच जेवायला या. फक्त शनिवार सोडून.”

घोंगडी त्यानं लेकीच्या खांद्यावर टाकली, कडबा गोठ्यात नीट पसरून दिला आणि दुपारच्या एसटीनं एकटाच गेला. त्या सुट्टीत डबे शाळेऐवजी कडूबाईच्या खोलीवर पोचले, एकही वार चुकला नाही.

शाळा सुरू झाली तो दिवस सोमवार. मधल्या सुट्टीत ताराबाईंनी डबा शालूपुढं ठेवला आणि टेबलाशी जाऊन पाठ करून बसल्या. डब्यात झुणका होता, ठेचा होता आणि दोन भाकरी. जाड, कडा फाटलेल्या, एका बाजूला काळ्या.

अंतरा कानाशी कुजबुजली, “आईनं चार मोडल्या, तेव्हा या दोन झाल्या. बाबा म्हणाले, उरलेल्या पत्र्यावर टाकू, वाऱ्यानं उडणार नाही पत्रा.”

“गप गं.”

शालूनं तुकडा मोडला. मोडायला दोन्ही हात लागले. तोंडात घातला आणि चावू लागली. पहिला घास उतरायला बराच वेळ गेला, पण उतरला तो थेट पोटाच्या तळाशी जाऊन बसला, आणि तिथं कितीतरी दिवसांनी ऊब आली. तिनं दुसरा तुकडा मोडला.

ताराबाईंना राहवलं नाही. स्वतःच्या खिचडीचा घास तसाच हातात घेऊन त्या वळल्या. “कशी झालीय?”

“पोट भरलं, बाई.”

“ते नाही विचारलं. खरं सांग.”

शालूनं घास गिळला, पाणी प्यायली. अन्नाला नाव ठेवायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं.

“जराशी कडक हाय,” ती म्हणाली. “पर परीक्षेला अजून लई सोमवार हायेत, बाई. तवर मऊ व्हईल.”

तिनं उरलेली भाकरी झुणक्यासकट संपवली, डबा धुऊन पालथा घातला, आणि घंटा व्हायच्या आत कंपासपेटी काढून सकाळी अडलेल्या गणिताला बसली.